माइनक्राफ्टचा सर्व्हर दुरून सांभाळताना आरकॉनचे पोर्ट उघडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माइनक्राफ्टचा सर्व्हर घरच्या संगणकावर कसा उभा करावा आणि तो फोनवरून कसा सांभाळावा, हे सांगणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मुलांना नुसता खेळ न दाखवता त्यामागचे यंत्र उघडून दाखवायचे, हा हेतू चांगला आहे. जावाची आवृत्ती, युला (वापराच्या अटींच्या) फाइलीतले ‘फॉल्स’चे ‘ट्रू’ करणे, मेमरीचे आकडे, हे सारे बरोबर आहे. पण शेवटच्या चौकटीत राउटरवर २५५६५ आणि २५५७५ अशी दोन्ही पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडण्यांची क्रमांक दिलेली दारे) उघडायला सांगितले आहे. ते जसेच्या तसे कोणी केले, तर सर्व्हर कुठूनही चालवता येईल हे खरे, पण तो कोणालाही चालवता येईल. (पुढे सेटिंगांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलीत ती रोमन लिपीतच लिहायची असतात.)

२५५६५ हे खेळाडूंचे दार. बाहेरच्यांना खेळायला बोलवायचे तर ते उघडावेच लागते. २५५७५ हे आरकॉनचे. सर्व्हरच्या कन्सोलवर ज्या आज्ञा टाइप करतो, त्याच दुरून देण्याची ही सोय. ही पद्धत मूळची व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स इंजिनवरच्या खेळांतली, आणि तिच्यात एन्क्रिप्शन (मजकूर सांकेतिक करून पाठवणे) अजिबात नाही. लॉगिनचे एक पाकीट (जाळ्यावरून जाणारा माहितीचा तुकडा) उघडून पाहिले की हे लगेच कळते. आधी चार बाइटांत लांबी, मग चार बाइटांत विनंतीचा क्रमांक, मग चार बाइटांत प्रकार (लॉगिनसाठी ३, आज्ञेसाठी २), त्यानंतर पासवर्ड जसा टाइप केला तसाच्या तसा आणि शेवटी दोन शून्य बाइट. आठ अक्षरी पासवर्ड असेल तर सगळे मिळून २२ बाइट. चहाच्या दुकानातल्या फुकटच्या वाय-फायवरून आपण सर्व्हर सांभाळत असू, तर त्याच जाळ्यात वायरशार्क (पाकिटे वाचून दाखवणारे साधन) लावून बसलेल्या माणसाला तो पासवर्ड सरळ वाचता येतो. पासवर्ड चुकला की सर्व्हर विनंतीच्या क्रमांकाच्या जागी उणे १ पाठवतो आणि पुन्हा प्रयत्न करायला मोकळीक देतो. अमुक इतक्या चुका झाल्या की अडवायचे, अशी व्यवस्था मूळ सर्व्हरमध्ये नाही. एकदा आत शिरल्यावर स्वतःला ‘ऑप’ (सर्व अधिकार असलेला खेळाडू) करून घेणे, व्हाइटलिस्ट (प्रवेश असलेल्यांची यादी) बंद करणे, मालकालाच बॅन करणे, हे एकेका ओळीचे काम.

यावर कोणी म्हणेल, आरकॉन फक्त त्याच संगणकापुरता ठेवावा. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोयांगच्या मूळ सर्व्हरमध्ये तीच अडचण आहे. सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज फाइलीत एनेबल-आरकॉन, आरकॉन डॉट पासवर्ड आणि आरकॉन डॉट पोर्ट अशा ओळी आहेत, पण आरकॉनने कोणत्या पत्त्यावर ऐकावे याची वेगळी ओळ नाही. सर्व्हर-आयपी ही जी एक ओळ आहे तीच खेळालाही लागू होते आणि आरकॉनलाही. ती कोरी असली, आणि बहुधा ती कोरीच असते, की दोन्ही पोर्ट संगणकाच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतात. तिथे १२७.०.०.१ (संगणकाचा स्वतःपुरता पत्ता) लिहावे तर खेळाडूही बाहेरच राहतात. म्हणून आरकॉन चालू करायचाच असेल तर २५५७५ अडवण्याचे काम फायरवॉलनेच करायला हवे. इथे आणखी एक फसवणूक होते. सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे साधन) असेल आणि त्याचे २५५७५ बाहेर प्रसिद्ध केले असेल, तर उबंटू लिनक्सच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ‘डिनाय’ लिहूनही ते उघडेच राहते. डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या पाकिटे गाळणाऱ्या मूळ नियमांत) घालतो आणि येणारी पाकिटे यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोहोचतच नाहीत. उपाय सोपा आहे. पोर्ट प्रसिद्ध करताना आकड्याआधी १२७.०.०.१ लिहायचे, किंवा ते प्रसिद्धच करायचे नाही.

आरकॉन वाईट आहे असे नाही. त्याच यंत्रावरच्या बॅकअपच्या स्क्रिप्टला तो फार उपयोगी पडतो. आधी ‘सेव्ह-ऑफ’ (आपोआप जपणे बंद), मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’ (सगळे आत्ताच डिस्कवर), मग वर्ल्डच्या फोल्डरची नक्कल आणि शेवटी ‘सेव्ह-ऑन’. सेव्ह-ऑफ न करता नक्कल केली तर सर्व्हर अर्धवट लिहीत असलेल्या, वर्ल्डचे तुकडे ठेवणाऱ्या रीजन फाइली तशाच बॅकअपमध्ये येतात, आणि हे कळते ते बॅकअप परत लावताना. स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तरी सेव्ह-ऑन झालेच पाहिजे, अशी तजवीज तिच्यात हवी. नाहीतर सर्व्हर दिवसभर काहीच जपून ठेवत नाही आणि कोणाला पत्ताही लागत नाही. दर पाच सेकंदांनी जोडून खेळाडू मोजणारी साधने मात्र टाळावीत. प्रत्येक जोडणीला लॉगमध्ये आरकॉन क्लायंट सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची ओळ पडते आणि कामाची ओळ त्या गर्दीत सापडत नाही.

१.२१.९ या आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०२५ अखेरपासून, मोयांगने आरकॉनच्या जोडीला एक नवा व्यवस्थापन प्रोटोकॉल दिला आहे. तो वेबसॉकेटवर (सतत उघडी राहणारी जोडणी) जेसन-आरपीसी (आज्ञा देण्याची ठरावीक लिखित पद्धत) बोलतो. मूळ स्थितीत तो बंद असतो. चालू केल्यावरही फक्त लोकलहोस्टवर (त्याच संगणकावर) ऐकतो, टीएलएस (एन्क्रिप्शन) मागतो आणि ४० अक्षरांची गुप्त किल्ली स्वतःच तयार करतो. म्हणजे एन्क्रिप्शन नसणे, सगळ्या पत्त्यांवर ऐकणे आणि पासवर्ड ओळखता येणे या आरकॉनच्या तिन्ही दुखण्यांवर इलाज झाला. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पोर्टचा मूळ आकडा ० असल्याने दर वेळी नवे पोर्ट निवडले जाते, म्हणून तिथे ठरावीक आकडा लिहावा. आणि टीएलएससाठी प्रमाणपत्राची कीस्टोर फाइल आपल्यालाच बनवून द्यावी लागते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आरकॉन सोडून याच्याकडेच पाहावे.

आता लेखाचा खरा विषय, म्हणजे पॅनल. फोनवरून कन्सोल दिसावा, सर्व्हर चालू-बंद करता यावा, फाइली बदलता याव्यात यासाठी टेरोडॅक्टिलसारखे पॅनल लागते, आणि त्याला आरकॉनची गरजच नसते. टेरोडॅक्टिलचे दोन भाग आहेत. पॅनल हे पीएचपीत लिहिलेले संकेतस्थळ, आणि विंग्स हा खेळाच्या यंत्रावर बसणारा कारभारी. विंग्स प्रत्येक सर्व्हर डॉकरच्या वेगळ्या कंटेनरमध्ये चालवतो आणि थेट त्याच्या कन्सोलला जोडलेला असतो. विंग्स विंडोजवर चालत नाही, हे लेखात यायला हवे होते. जुन्या संगणकावर उबंटू किंवा डेबियन घालावे लागते. भाड्याचा व्हीपीएस (दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले आभासी यंत्र) घेत असाल तर तो केव्हीएम प्रकारचा आहे का हे आधी विचारा. स्वस्तातल्या ओपनव्हीझेड यंत्रांवर डॉकर नीट चालत नाही आणि पैसे वाया जातात. विंडोज सोडायचेच नसेल तर क्राफ्टी कंट्रोलर बरा. त्यात कारभारी वेगळा नसतो, डॉकर लागत नाही आणि ब्राउझरमध्ये ८४४३ पोर्टवर तो उघडतो.

टेरोडॅक्टिल जोडताना सगळा घोळ होतो तो एकच गोष्ट न समजल्यामुळे. इथे जोडण्या तीन आहेत. पॅनलकडून विंग्सकडे (सर्व्हर तयार करणे, चालू-बंद करणे). विंग्सकडून पॅनलकडे (सर्व्हरांची यादी आणि सेटिंग मागणे). आणि तिसरी, जी कोणाच्या ध्यानीमनी नसते, आपल्या ब्राउझरकडून थेट विंग्सकडे. कन्सोलच्या ओळी पॅनलमधून येतच नाहीत, ब्राउझर वेबसॉकेटने विंग्सच्या ८०८० पोर्टला जाऊन त्या आणतो. पॅनलच्या नोडच्या (विंग्स बसलेल्या यंत्रांच्या) यादीतले हिरवे किंवा लाल हृदयही ब्राउझरच तपासतो. म्हणून कधी हृदय लाल आणि सर्व्हर मात्र मजेत चालू, असे दिसते. खेळाडूंची वाहतूक या तिन्हींत कुठेच नाही. त्यामुळे पॅनल जर्मनीतल्या स्वस्त यंत्रावर असले तरी पिंग (खेळाच्या प्रतिसादाला लागणारा वेळ) वाढत नाही. पिंग ठरतो तो विंग्सचे यंत्र कुठे आहे यावर.

जोडणी अशी करायची. पॅनलमध्ये आधी ‘लोकेशन’ तयार करा, मग ‘नोड’. नोडच्या यंत्राचा पत्ता, मेमरी आणि डिस्कचे आकडे भरा. डिमन (म्हणजे विंग्सचे) पोर्ट ८०८० आणि एसएफटीपीचे (फाइली पाठवण्याचे) २०२२ हे मूळ आकडे तसेच राहू द्या. मग ‘ॲलोकेशन’मध्ये (सर्व्हरला वापरायला द्यायच्या पत्त्यांत) आयपी आणि २५५६५ हे पोर्ट द्या. ‘कॉन्फिगरेशन’च्या टॅबमध्ये जो मजकूर दिसतो तो विंग्सच्या यंत्रावर ईटीसीतल्या टेरोडॅक्टिल फोल्डरात कॉन्फिग डॉट वायएमएल या नावाने ठेवा. पहिल्यांदा विंग्स डीबग पर्यायासह हाताने चालवून पाहा. चूक असेल तर ती तिथे सरळ वाचता येते. सगळे ठीक दिसले की मगच सिस्टिमडीकडे (प्रोग्रॅम आपोआप चालू ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीकडे) सोपवा.

घरच्या यंत्रावर हे करताना आपल्याकडे पहिली ठेच लागते ती सीजीनॅटची, म्हणजे अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्याची. अनेक ब्रॉडबँड कंपन्या घराला स्वतंत्र सार्वजनिक आयपी देतच नाहीत. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर राउटरवर कितीही पोर्ट उघडली तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. अशा घरातला विंग्स बाहेरच्या पॅनलपर्यंत पोहोचतो, पण पॅनल आणि ब्राउझर विंग्सपर्यंत पोहोचत नाहीत. तीनपैकी एकच तार जोडलेली. कंपनीकडे जादा पैसे भरून स्थिर आयपी मिळत असेल तर एक मार्ग तो.

दुसरा मार्ग वायरगार्डचा, म्हणजे इंटरनेटवरून फक्त आपल्याच यंत्रांचे खासगी जाळे (व्हीपीएन) विणण्याचा, आणि तो सार्वजनिक आयपी असणाऱ्यांनाही सुचवावासा वाटतो. एक लहान व्हीपीएस घ्यायचा, तिथे पॅनल आणि वायरगार्ड बसवायचे, त्याचे यूडीपी ५१८२० उघडायचे. घरचे यंत्र, आपला फोन आणि आपला लॅपटॉप असे तिघे त्या जाळ्यात घ्यायचे. घरच्या यंत्राच्या फाइलीत ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ लिहायला विसरू नये. दर २५ सेकंदांनी एक पाकीट बाहेर गेले नाही तर कंपनीचा नॅट ती वाट विसरतो आणि काही मिनिटांनी पॅनलवरून विंग्स गायब होतो. नोडचा पत्ता, पॅनलचा पत्ता, सारे वायरगार्डच्या आतले द्यायचे. मग ८०८०, २०२२ आणि पॅनल यांपैकी काहीच उघड्या इंटरनेटवर राहत नाही. यंत्र सांभाळणारे दोन-चारच असतात, त्यांच्या फोनवर वायरगार्ड घालणे जड नाही.

खेळाडूंना मात्र वायरगार्डमध्ये ओढता येत नाही. त्यांच्यासाठी व्हीपीएसचे २५५६५ घरच्या यंत्राच्या आतल्या पत्त्याकडे वळवायचे. इथे व्हीपीएसची जागा महत्त्वाची, कारण आता खेळ तिथूनच जातो. महाराष्ट्रातल्या खेळाडूंसाठी मुंबईतले डेटा सेंटर घ्यावे. वळवताना ‘मास्करेड’ (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणे) वापरले की सर्व्हरला सगळे खेळाडू व्हीपीएसच्या एकाच आतल्या पत्त्यावरून आलेले दिसतात. मग एखाद्या व्रात्य पोराला ‘बॅन-आयपी’ केले की त्याच्यासकट सगळेच बाहेर पडतात. अशा मांडणीत बॅन नावानेच करायचा.

जोडल्यावर काय बिघडते ते आता. सर्व्हर चालू पण कन्सोल सतत ‘जोडत आहे’ म्हणत राहिला तर बहुधा पत्त्याची गडबड असते. विंग्स आपल्या फाइलीत लिहिलेल्या पॅनलच्या पत्त्यावरून आलेलीच वेबसॉकेट स्वीकारतो. आपण पॅनल नावाने उघडले आणि फाइलीत आयपी असला, तर तो नकार देतो. दुसरे कारण, पॅनल एचटीटीपीएसवर आणि नोड साध्या एचटीटीपीवर. ब्राउझर अशी मिसळ चालू देत नाही. दोन्ही एकाच प्रकारचे ठेवा. प्रमाणपत्र हवे असेल तर नोडला डोमेन नाव द्या. क्लाउडफ्लेअरच्या नारिंगी ढगामागे (म्हणजे त्यांच्या मध्यस्थ सर्व्हरमागे) नोड ठेवलात तर एचटीटीपीएससाठी ८०८० चालणार नाही, ८४४३ घ्यावे लागेल, आणि एसएफटीपी त्यातून जाणारच नाही. तिसरे कारण घड्याळ. पॅनल आणि विंग्स यांच्यातले टोकन (ओळखीची तात्पुरती चिठ्ठी) वेळेवर बेतलेले असते. जुन्या संगणकाचा बॅटरी-सेल गेलेला असतो, घड्याळ मागे पडते आणि विंग्सच्या लॉगमध्ये जेडब्ल्यूटीच्या (त्याच टोकनच्या) तक्रारी येतात. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणे) चालू केले की त्या बंद होतात. लोक मात्र आधी सगळे पुसून नव्याने बसवतात.

सर्व्हर सुरूच होत नाही आणि ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ असे दिसते, तेव्हा ॲलोकेशनमध्ये यंत्राचा नसलेला आयपी दिलेला असतो. ॲमेझॉन किंवा ओरॅकलच्या यंत्रांना सार्वजनिक पत्ता बाहेरून चिकटवलेला असतो, यंत्राला तो ठाऊक नसतो. तिथे आतला खासगी आयपी द्यायचा आणि सार्वजनिक पत्ता ‘एलियस’मध्ये लिहायचा. सर्व्हर चालू आहे, पोरे खेळत आहेत, तरी पॅनल ‘स्टार्टिंग’वरच अडकले आहे, असे झाले तर ‘एग’ तपासा. एग म्हणजे त्या खेळाची कृती लिहिलेली फाइल. सर्व्हरने कन्सोलवर अमुक शब्द छापले की तो चालू झाला असे समजायचे, हे तिच्यात लिहिलेले असते. एखाद्या मॉडपॅकने (खेळात बदल करणाऱ्या मॉडच्या संचाने) ती ओळच बदलली की पॅनल वाट पाहत राहते. आणि बाहेर पडण्याचा आकडा १३७ दिसला तर मेमरी. कंटेनरची मर्यादा आणि जावाचा हीप (खेळाच्या माहितीसाठीची मेमरी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ एगमध्ये हीप मर्यादेच्या ९५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. जावाला लागणारी बाकीची मेमरी (धागे, मेटास्पेस, जाळ्याचे बफर) त्याच्या बाहेर राहते. साध्या सर्व्हरला हे निभते, कारण विंग्सही थोडी जादा जागा देतो, पण मॉड घातले की कर्नल सरळ प्रक्रिया मारतो. तो आकडा ८० टक्क्यांवर आणावा. विंग्स पडलेला सर्व्हर एकदा उठवतो. साठ सेकंदांच्या आत तो पुन्हा पडला तर नाद सोडतो, आणि ते योग्यच आहे.

कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनरच, यंत्र नव्हे. प्लगिनला (सर्व्हरच्या जोड-प्रोग्रॅमला) यंत्रावरचा डेटाबेस सापडत नाही तो यामुळे. विंग्सच्या मूळ जाळ्यात यंत्राचा पत्ता १७२.१८.०.१ असतो, तो द्यावा.

पॅनल बसवले म्हणजे सुरक्षित झालो, असाही समज नको. जून २०२५ मध्ये टेरोडॅक्टिल पॅनलमध्येच गंभीरतेच्या मापात १० पैकी १० गुणांचा दोष निघाला. लॉगिन न करता पॅनलच्या यंत्रावर हवा तो कोड चालवता येत होता. १.११.११ या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. ज्यांचे पॅनल वायरगार्डच्या आत होते त्यांना अपडेट करायला सवड होती, उघड्यावर असलेल्यांना नव्हती. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या नोंदी लिहिणाऱ्या घटकातल्या दोषामुळे परका कोड चालवायला माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये टाकलेली एक ओळ पुरेशी होत होती. तेव्हा १.१८.१ घाईने द्यावी लागली. खेळाचे, पॅनलचे आणि विंग्सचे अपडेट वेगवेगळे करावे लागतात, एक केले म्हणून दुसरे होत नाही.

मदतनिसांना पॅनलवर ‘सबयूझर’ म्हणून घ्यावे, आपला पासवर्ड देऊ नये. परवानग्या देताना हात आखडता ठेवावा. कन्सोलवर लिहिण्याची परवानगी म्हणजे स्वतःला ऑप करण्याची परवानगी, आणि फाइली चढवण्याची परवानगी म्हणजे हवे ते प्लगिन चालवण्याची. सर्व्हर अडकला की तो बंद करून चालू करणे एवढेच काम असेल, तर तेवढीच खूण करावी.

वीज जाणाऱ्या गावांसाठी थोडे. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगांत) वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करावी. विंग्स आधी चालू असलेले सर्व्हर स्वतः उठवतो. यूपीएसची बॅटरी संपण्याआधी सर्व्हरला ‘स्टॉप’ पोहोचेल असे पाहावे. टेरोडॅक्टिल न वापरता नुसता डॉकर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की डॉकर दहा सेकंद वाट पाहून प्रक्रिया मारतो. मोठे वर्ल्ड तेवढ्यात जपून होत नाही. ती मुदत ६० सेकंदांवर न्यावी.

पुरवणीच्या पुढच्या अंकात २५५७५ बद्दलची ओळ मागे घ्यावी, ही विनंती. ज्या वाचकांनी ते पोर्ट उघडले असेल त्यांनी राउटरवरचा नियम काढावा, यूपीएनपीने (राउटरवर पोर्ट आपोआप उघडणाऱ्या सोयीने) तो परत घातलेला नाही ना हे पाहावे आणि आरकॉनचा पासवर्ड बदलावा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदलावा. मग ऑप्स डॉट जेसन आणि व्हाइटलिस्ट डॉट जेसन या दोन फाइली उघडून प्रत्येक नाव आपण घातलेलेच आहे का ते तपासावे. अनोळखी नाव सापडले तर लॉग्स फोल्डरातल्या जुन्या फाइली पुसू नयेत. आरकॉनची जोडणी कोणत्या आयपीवरून झाली ते तिथे लिहिलेले असते.

आपले,
सर्व्हर सांभाळणारे काही वाचक,
पुणे